परसदारचा सिग्नल

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आयुष्यभर आगगाडीचे गार्ड होते. आम्ही घरची मंडळी त्यांना दाजी म्हणतो. गावाने मात्र त्यांना बावटेबुवा करून टाकले होते, आणि त्याच न्यायाने माझी ताई गार्डीणबाई झाली. इंजिनात उभ्या असलेल्या माणसाला येणारे गाव दिसते. शेवटच्या डब्यात बसणाऱ्या गार्डाला गेलेले गाव दिसते. दाजींच्या स्वभावात जे मौन आहे, ते बहुधा त्या आसनावरूनच त्यांच्यात उतरले असावे.

नाकासमोर चालणारा माणूस असे आपण सहज म्हणून जातो. दाजींना ते वर्णन रुळांइतके चपखल लागू पडते. घरातून चार माणसे बाहेर निघाली की दाजी सर्वांत मागे. सगळे उंबऱ्याबाहेर पडले याची खात्री करायची, एकवार मागे वळून पाहायचे, मगच दार ओढायचे. ताई म्हणे, "आमच्या लग्नातसुद्धा हे मांडवात शेवटी आले. सगळे आत गेले का, बघत उभे होते दारात."

ज्या फाट्यावर त्यांनी नोकरी केली तो एकेरी, लहानसा लोहमार्ग. सकाळी एक गाडी जायची, संध्याकाळी तीच परत फिरायची आणि गाव ओलांडून पुढच्या शेवटच्या स्थानकावर मुक्काम करायची. दाजींना रेल्वेने दिलेले घर स्थानकापलीकडे, पुलाच्या अलीकडे, रुळांना पाठ लावून उभे होते. स्वयंपाकघराचे मागचे दार उघडले की परस, परसात कपडे वाळत घालायची दोरी, आणि दोरीपलीकडे रूळ. या दोरीवर नवराबायकोने लग्नानंतर लवकरच एक पद्धत बसवली. संध्याकाळची गाडी जाण्याच्या सुमारास ताई दोरीवर एक हिरवे फडके टाकी. त्याचा अर्थ घरी सर्व क्षेम. काही अडचण असेल तर तांबडे, म्हणजे थांबा. दाजी आपल्या डब्याच्या कठड्याशी उभे राहून ते पाहत आणि निश्चिंत मनाने पुढच्या मुक्कामाला जात. दुसऱ्या दिवशी गाडी परतली की पाळी संपवून घरी येत. संसारात पत्रे लिहिणारी जोडपी मी पुष्कळ पाहिली आहेत. फडक्यांनी बोलणारे हे एकच.

ही पद्धत काही वर्षे निर्विघ्न चालली. मग एका संध्याकाळी त्यांच्या धाकट्या लेकीला कडक ताप भरला आणि तिला आकडी आली. ताईने दोरीवर तांबडे फडके टाकले आणि मुलीला उराशी धरून ती परसात उभी राहिली. गाडी आली. डब्यामागून डबे गेले. शेवटचा डबा गेला. गाडी थांबली नाही. ताईने शेजारच्या धोब्याची हातगाडी मागून आणली आणि मुलीला तीत निजवून ती दवाखान्यात पोहोचली. लेक वाचली. आज ती दूरच्या शहरात स्वतःच्या संसारात सुखी आहे. एका कानाने तेवढे जरा कमी ऐकते.

त्या दिवसानंतर ताईने दोरीवर पुन्हा कधी फडके टाकले नाही. दाजींच्या गाडीत ती कधी बसलीही नाही. माहेरी यायचे झाले तर बैलगाडीने येई, पुढे मोटारीने येऊ लागली. भांडण म्हणाल तर झाले नाही. एकच वाक्य तेवढे घरात राहिले. दाजी कुठे शिस्तीची गोष्ट बोलले की ताई हातातले काम न थांबवता म्हणे, "जगाचे सिग्नल पाळलेत. घरचा तेवढा दिसला नाही."

टोमणा खराच होता. पण त्यात ताईने आपल्या नवऱ्यासाठी एक पळवाट ठेवली आहे, हे मला फार उशिरा उमगले. दिसला नाही, असे ती म्हणे.

पुढे तो फाटा बंद पडला. रुळांमध्ये गवत माजले, स्थानकाच्या छपरावर पिंपळ उगवला. दाजी निवृत्त होऊन गावातच भाड्याच्या घरात राहू लागले. नंतर बऱ्याच वर्षांनी गावातल्या उत्साही मंडळींनी वर्गणी जमवून, जुन्या कामगारांना हाताशी धरून ते स्थानक पुन्हा उभे केले. त्याचे रेल्वे संग्रहालय झाले. एक जुने वाफेचे इंजिन दुरुस्त केले, दोन प्रवासी डबे आणि गार्डाचा एक डबा रंगवला, आणि फलाटापासून पुलापर्यंतचा मार्ग साफ केला. उद्घाटनाच्या दिवशी गाडी पुलापर्यंत जाऊन परत येणार होती. पहिला बावटा दाखवण्याचा मान अर्थातच दाजींचा.

निमंत्रण आले त्याच दुपारी दाजी माझ्याकडे आले. खुर्चीवर टोपी काढून बसले आणि बराच वेळ टोपीच फिरवत राहिले.

"तुझ्या ताईला तू सांग," ते म्हणाले. "माझं ती ऐकायची नाही. एकदा बसू दे माझ्या गाडीत. आता गाडी तरी कुठे लांब जाणार आहे."

मी ताईला सांगितले. ती भाजी निवडत होती. "तुझ्या दाजींचा कोट तिथे मांडलाय म्हणे. तो बघायला येते. गाडीचं मग बघू."

संग्रहालय खरोखर जीव ओतून सजवले होते. तिकिटाच्या खिडकीची पितळी जाळी घासून लख्ख केली होती. प्रतीक्षालयातली लाकडी बाके नव्या तेलपाण्याने चकाकत होती, पण त्यांवर प्रवाशांनी चाकूने कोरलेली अक्षरे कुणी पुसली नव्हती, याबद्दल मी मनोमन त्या मंडळींना नमस्कार केला. दिवेघरात कंदील ओळीने टांगले होते आणि घासलेटाचा वास अजून भिंतींतून येत होता. सामानाच्या मोठ्या तराजूवर पाहुणे हसत हसत स्वतःलाच तोलून घेत होते. वस्तू टिकतात आणि त्यांना हाताळणारे हात जातात, हे आपण जाणतो. तरी एखाद्या कंदिलाची मूठ एका बाजूने झिजलेली दिसली की तो हात क्षणभर परत आल्यासारखा वाटतो.

शेवटच्या खोलीत काचेच्या कपाटात दाजींचा गार्डाचा काळा कोट एका पुतळ्याला घातला होता. सगळी बटणे गळ्यापर्यंत लावलेली. दाजी समोर उभे राहून न्याहाळत होते.

"याचा जीव घुसमटेल," ते म्हणाले. "वरचं बटण कोण लावायचं?"

ताईने पुतळ्याकडे पाहिले. "हा बरा आहे. घरी असतो."

संग्रहालयाच्या व्यवस्थापिकाबाई शेजारी होत्या, त्या मनापासून हसल्या. त्यांनी ताईला हात धरून फलाटावर नेले. मला वाटत होते की ताई बाकावर बसेल आणि तिथूनच मान डोलावेल. पण इंजिनाने वाफ सोडली, तशी ती मला म्हणाली, "चल, बसते. लोक बघतायत." आणि पुढच्या डब्यात खिडकीशी जाऊन बसली. सकाळी गारवा होता म्हणून तिने हिरवी शाल घट्ट लपेटली होती. दाजींनी ते लांबून पाहिले आणि मला आपल्याबरोबर गार्डाच्या डब्यात घेतले. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होते त्याला आनंद म्हणण्यापेक्षा सावधपणा म्हणणे बरे.

भाषणे झाली. फीत कापली गेली. दाजींनी शिटी ओठांशी नेली, हिरवा बावटा उलगडला, पुढे पाहिले आणि हात तसाच खाली आणला.

फलाटाच्या टोकाला जुना सिग्नलचा खांब होता. त्याचा तांबडा हात आडवा होता. आडवा हात म्हणजे थांबा. खाली झुकला की निघा.

पाहुणे वाट पाहू लागले. इंजिनातून ड्रायव्हरने मान बाहेर काढली. तोही जुनाच माणूस, दाजींच्याच गाडीवर कधीकाळी कोळसा ओढलेला.

"बुवा, काय झालं?"

"हात पडलेला नाही."

"अहो, तो शोभेचा आहे. तारा केव्हाच चोरीला गेल्या. आडवाच बसवलाय त्यांनी."

"शोभेचा असला तरी तांबडा आहे."

व्यवस्थापिकाबाई धावत आल्या. त्यांनी नम्रपणे सांगितले की हात गंजून जाम झाला होता, फोटोत चांगला दिसतो म्हणून तसाच ठेवला, चूक झाली. दाजी त्यांच्यावर रागावले नाहीत. उलट अवघडून गेले. "तुमची चूक नाही, बाई. माझाच हात उठत नाही. तांबड्यावरून मी गाडी सोडलेली नाही कधी."

"मग आता काय करायचं?"

"सिग्नल बिघडला तर त्याच्या पायथ्याशी एक माणूस उभा करतात. त्यानं हिरवं दाखवायचं. मग गाडी निघते."

बाईंनी इकडेतिकडे पाहिले. मीच उतरायला निघालो होतो, इतक्यात पुढच्या डब्याचे दार उघडले. ताई दांडी धरून, एक एक पायरी तपासत खाली उतरली. तिने सगळे ऐकले होते.

"मी राहते उभी," ती म्हणाली. "मला सवय आहे."

कुणी काही बोलायच्या आत ती फलाटावरून चालू लागली. ताई सिग्नलच्या पायथ्याशी पोहोचली, अंगावरची शाल काढून तिने दोन्ही हातांनी समोर धरली. सकाळच्या वाऱ्यात ती हिरवी शाल दोरीवरच्या कपड्यासारखी हलत होती.

दाजींनी शिटी वाजवली आणि बावटा उंच केला. गाडी हलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाच्याही लक्षात आले नाही की गाडी निघाली आणि जिच्यासाठी निघायची होती ती खालीच राहिली. इंजिन तिच्याजवळून गेले. पहिला डबा गेला, त्यातली खिडकीजवळची तिची जागा रिकामी गेली. ताई शाल धरून निश्चल उभी होती. चेहऱ्यावर तक्रार नव्हती, अपेक्षाही नव्हती. गाडी जाताना पाहण्याचा तिला केवढा अभ्यास होता.

माझ्या शेजारी दाजींनी बावटा बगलेत मारला. डब्याच्या मधोमध हातब्रेकचे लोखंडी चाक होते. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरले आणि अंगातला सगळा जोर लावून फिरवले. चाके किंचाळली. डबा हिसका बसून थरथरला, मी कठड्याला आपटलो. मग दाजींनी तांबडा बावटा बाहेर काढून इंजिनाकडे धरला. गाडी थांबली. आमच्या डब्याची पायरी ताईच्या समोर, हातभर अंतरावर आली होती.

दाजींना धाप लागली होती. ताई शाल खाली घेऊन त्यांच्याकडे बघत राहिली.

"मी हिरवा दाखवला होता," ती म्हणाली. "थांबलात कशाला?"

"मला तांबडा दिसला."

पुढून ड्रायव्हर ओरडून विचारत होता की सगळे ठीक आहे ना. दाजींनी वाकून हात पुढे केला. ताईने तो धरला आणि ती वर आली.

गाडी पुन्हा निघाली. ताई गार्डाच्या आसनावर बसली, फळी चाचपली. "इतकी वर्षं या खोक्यात बसत होतात? पाठ कशी शाबूत राहिली."

"उभाच असायचो बहुतेक."

गाडी सावकाश पुलाजवळ येऊन थांबली आणि आमचा डबा नेमका त्या जुन्या घराच्या परसासमोर आला. तिथे आता दुसरेच कुणी राहते. मागचे दार उघडे होते. दोरीवर एक पांढरी चादर आणि लहान मुलाचे सदरे वाळत होते. सदऱ्यांची बटणेसुद्धा मोजता आली असती. ताई उठून कठड्याशी गेली आणि पाहत राहिली. मी डब्याच्या दुसऱ्या बाजूला सरकलो, पण डबा तो केवढा.

"इथून हे इतकं जवळ दिसतं," ती हळूच म्हणाली.

दाजी तिच्या मागे उभे होते. "तेव्हाही दिसलं होतं," ते म्हणाले. "चाकावर हातही ठेवला होता. पुढच्या ठाण्यावर समोरून येणारी मालगाडी आमच्यासाठी खोळंबली होती. मी हात काढून घेतला."

इतकी वर्षे ताईने ठेवलेली ती पळवाट त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवली. आता ती काय म्हणेल, याचे मला भय वाटले. न्यायनिवाडे मी पोथ्यांतून पुष्कळ वाचले आहेत, पण अशा वेळी पोथ्या उपयोगी पडत नाहीत.

ताई दोरीवरच्या सदऱ्यांकडेच बघत होती.

"वाटलंच होतं मला," ती शेवटी म्हणाली. "डोळे चांगले होते तेव्हा तुमचे."

मग तिने शाल पुन्हा अंगावर ओढली आणि आसनावर जाऊन बसली. थोड्या वेळाने सरकून तिने शेजारी जागा केली. दाजी बसले. गार्ड चालत्या गाडीत बसलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला असता. पण गाडी अजून थांबलेलीच होती, आणि परत फिरायचे तर इंजिन मागून ढकलणार म्हणजे गार्डाचा डबा पुढे. बावटा पुन्हा दाजींनाच दाखवायचा होता. ते गुडघ्यावर हात टेकून उठू लागले.

"बसा तुम्ही. धाप गेली नाही अजून," ताई म्हणाली. "आणा तो हिरवा इकडे. मी दाखवते."

दाजींनी बावटा तिच्या हातात दिला. ती कठड्याशी जाऊन उभी राहिली, मागच्या इंजिनाकडे वळली आणि तिने हात बाहेर काढला.

"कोपर वाकवू नकोस. हात ताठ पाहिजे."

"ताठच आहे. तुम्ही शिटी वाजवा."