पहिल्या वळणापर्यंत

काशीनाथ शेवटचा माझ्याकडे आला तो चाक बांधून घ्यायला. शनिवार होता, सकाळपासून झड लागलेली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सायकलवाली मंडळी घेऊन हरसूलच्या डोंगरात जायचं होतं. सायकल खांद्यावर घेऊन तो दोन जिने चढून आला, गॅलरीत ती उलटी उभी केली आणि पिशवीतून अंबाडीची दोरी काढून माझ्यापुढे टाकली. म्हटलं, अरे, चाळिशी आली, सायकलचं दुकान चालवतोस, शहरातले डॉक्टर तुझ्यामागून डोंगर चढतात, आणि एक दोरी बांधायला तुला बहीण लागते? तर हसून म्हणाला, "बाई, माझी गाठ सुटती. तुझी नाय सुटत." आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. मी बांधून दिली, वरून तांब्याभर पाणी ओतलं, त्याने चाक फिरवून पाहिलं, चहा घेतला आणि गेला... मंगळवारी दुपारी हिराचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. दुकानात कुणाच्या तरी चाकाचे आरे आवळत बसला होता, तसाच बाजूला कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

त्याला आता दीड महिना होईल. त्याच्या सायकलवाल्या मंडळींनी एका हॉलमध्ये सभा ठेवली होती. एकेक जण उठून बोलला. एक बाई म्हणाल्या, चढ पाहून मी सायकलवरून उतरायचे, तेव्हा काशीनाथभाऊ नुसतं म्हणायचे, पहिल्या वळणापर्यंत चला, पुढचं पुढे बघू. मग आणखी दोघातिघांनी तेच सांगितलं. मी मागच्या रांगेत बसले होते. बहिणीने दोन शब्द बोलावेत असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पदर तोंडाला लावला आणि खाली बघत राहिले, म्हणून लोकांना वाटलं, बाईला दुःख आवरत नाही. खरं तर मला खूप बोलायचं होतं. ते वळण कुठलं, हे त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथे जमलं नाही ते इथे वहीत लिहिते आहे.

ते वळण आमच्या पाड्याच्या खाली आहे, हरसूलच्या वाटेवर, मोहाच्या झाडापाशी. माझी चौथी झाली तेव्हा काशीनाथ तीन वर्षांचा होता. दिवाळी झाली की आई-बाप द्राक्षाच्या बागांत कामाला जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. पोराला बघायला कुणीतरी हवं, म्हणून माझी शाळा तिथेच थांबली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण तो कमरेवर असायचा आणि त्याचा भार फार नव्हता. पुढे तो पाचवीला गेला, तेव्हा शाळा हरसूलला. मामाने एक जुनी सायकल दिली होती. येताना सगळा चढ, आणि त्याला तो नको वाटायचा. सकाळी दप्तर घेऊन पायरीवर बसून राहायचा. मारून उपयोग नव्हता. मी म्हणायची, "पहिल्या वळणापर्यंत जा. तिथनं नाय वाटलं तर माघारी ये, मी काय बोलणार नाय." तो जायचा. एकदा वळणावर उभा राहून बराच वेळ घराकडे बघत होता. मी मुद्दाम पाठ फिरवून शेण थापत बसले. थोड्या वेळाने वळून पाहिलं तर मोहाखाली कुणी नव्हतं. तो कधीच त्या वळणावरून माघारी आला नाही.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ती वाट म्हणजे नुसता चिखल. तेव्हा आमच्याकडे सायकलच्या चाकाला दोरी बांधतात. टायरवरून घ्यायची, आऱ्यांतून काढायची, पुन्हा वरून, असं सबंध चाकभर. कोरडी असताना बांधायची आणि मग पाणी ओतायचं, म्हणजे ती आवळून बसते आणि चाक चिखलात फिरत बसत नाही. अशी दोरी बांधली की ब्रेक लागत नाहीत. पण आमच्या पाड्यावर ब्रेक असलेली सायकल नव्हतीच. थांबायचं तर पाय टेकवायचा. काशीनाथचं चाक मीच बांधायची.

माझं लग्न होऊन मी नाशिकला आले, सातपूरला. काशीनाथ आमच्याकडे राहून आयटीआय शिकला आणि मोटार मेकॅनिकचा कागद घेऊन सरहद्दीकडचे रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात लागला. आमच्या घराण्यातला पहिला सरकारी नोकर. त्याला हिमाचलात लाहौलकडे पाठवलं. तिथे थंडीत वरचा घाट बर्फाने बंद होतो तो पाच-पाच महिने. बाकीचे खाली उतरतात, थोडी माणसं यंत्रं सांभाळायला राहतात. पहिल्याच वर्षी त्याची राहायची पाळी आली. माघात त्याचं पत्र आलं, घाट बंद म्हणून हेलिकॉप्टरच्या टपालाने, पंधरा-वीस दिवस वाटेत घालवून. असलं पत्र त्याने कधी लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं की चार किलोमीटरवर बुलडोझर उभा असतो, रोज जाऊन त्याचं इंजिन चालू करावं लागतं, नाहीतर ते गोठतं. पायी जायला अर्धा दिवस मोडतो. कारकुनाची एक सायकल पडून आहे, पण बर्फावर चाक घसरतं. आणि शेवटी लिहिलं होतं, "बाई, मला सकाळी उठावंसंच वाटत नाय. घाट उघडला की राजीनामा देऊन येतो."

आमचे हे चांगल्या मनाचे. म्हणाले, येऊ दे की, इथे कंपनीत लावून देऊ. मलाही तो डोळ्यांसमोर हवा होता. पण मला सारखी ती पायरी दिसत होती. आता माघारी आला तर जन्मभर पायरीवरच बसेल, असं वाटायचं. माझी शाळा ज्याच्यासाठी थांबली तो असा अर्ध्या वाटेवरून परतावा, हेही मनात येत होतं. पण ते त्याला लिहायचं नव्हतं. त्याला ते माहीत होतं आणि त्याचं ओझं त्याच्यावर आधीच होतं. तीन दिवस बसून मी इनलँड भरलं. चौथीनंतर एवढं कधी लिहिलं नव्हतं. ये म्हणून लिहिलं नाही, राहा म्हणूनही नाही. विचारलं, तुमच्या तळापासून पहिलं वळण कुठे आहे? तिथवर जा, नाय वाटलं तर माघारी ये. आणि चाकाला दोरी कशी बांधायची ते सगळं लिहिलं, कारण तेवढं मला नक्की येत होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं, ब्रेक काढून टाक, ते मध्ये येतात.

उत्तर यायला होळी उलटून गेली. ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि वाचता वाचता हसायला लागले. काशीनाथने माझं ऐकून दोन्ही चाकांना दोरी बांधली होती, पाणी ओतलं होतं, आणि तिथल्या थंडीत ती दगडासारखी गोठून बसली होती. दोन्ही ब्रेक काढून ठेवले होते. चढ झकास चढला. वळण गेलं, बुलडोझरही आला, इंजिन चालू केलं. मग उतार. बर्फात पाय टेकवायला गेला तर पायच घसरत होता. तो तळाच्या फाटकातून आत शिरला, साहेबांच्या पुढून गेला, आणि सरपणाच्या ढिगावर जाऊन थांबला. "बाई," त्याने लिहिलं होतं, "ब्रेक काढ म्हणून लिहिलंस, थांबायचं कसं ते लिहायचं राहिलं. पण महिनाभरानं पहिल्यांदा पोटभर हसलो. साहेब पण हसले." खाली लिहिलं होतं की आता दोरी मागच्याच चाकाला बांधली आहे, पुढचा ब्रेक परत लावला आहे, आणि उद्या पुन्हा जाणार आहे.

राजीनाम्याचं त्या पत्रात काही नव्हतं. पुढच्याही पत्रात नव्हतं. तिथे त्याने सात हिवाळे काढले. दर वर्षी पाळी दुसऱ्या कुणाची तरी असायची आणि हा आपण होऊन त्याच्या जागी राहायचा. एका उन्हाळ्यात खात्याची माणसं सायकलवर वरचा घाट ओलांडणार होती. बाकीच्यांकडे गिअरच्या सायकली, याच्याकडे कारकुनाची काळी. नाव द्यायला गेला तर एक जण म्हणाला, ही सायकल दूध घालायला बरी. ती घेऊनच तो वर पोचला, आणि पहिला पोचला. तिथला फोटो माझ्या भिंतीवर आहे. मागे बर्फाचे डोंगर, वाऱ्यावर रंगीत पताका, आणि आमचा काशीनाथ ती जड सायकल डोक्यावर धरून उभा. दात नुसते दिसताहेत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो दाखवते. चारचौघांत मला बोलता येत नाही, पण फोटोकडे बोट दाखवता येतं.

नोकरी सोडून आला, दुकान टाकलं, तेव्हा तो मन भरून आला होता, हरून नाही. मग रविवारची मंडळी जमत गेली. पहिल्या वळणाचं माझं बोलणं तो त्यांना सांगत होता, हे मला सभेतच कळलं. घरी कधी बोलला नाही.

गेल्या आठवड्यात हिरा फोन घेऊन आली. म्हणाली, हिमाचलातून कुणी टशी म्हणून बोलतात, आमच्या ह्यांच्याबरोबर बुलडोझरवर होते, तुम्हालाच मागताहेत. मी फोनवर दोन शब्दांच्या वर बोलत नाही. कानाला लावला. तिकडून म्हातारा आवाज आला, "आप बाई हैं? रस्सीवाली?" त्याला बाई हे माझं नावच वाटत होतं. त्याने सांगितलं की तळावर अजून दर हिवाळ्यात मागच्या चाकाला दोरी बांधतात. नवीन माणूस आला की त्याला आधी तेच शिकवतात. अशा चाकाला म्हणतात बाई का पहिया... मी लाहौल पाहिलेलं नाही. बर्फ पाहिलेला नाही. पाड्यावरची चिखलाची दोरी तिथवर गेली, आणि माझ्या भावाने ती माझी म्हणून सांगितली. मी मोठ्याने बोलले. हिरा बघतच राहिली. म्हटलं, "हां, मैं ही बाई. अगला ब्रेक रखते हैं ना?" टशी मोठ्याने हसायला लागला.

काशीनाथची सायकल आता माझ्या गॅलरीत आहे. हिराने आणून ठेवली. म्हणाली, चाक तुम्ही बांधलंय, तुम्हीच ठेवा. पाऊस ओसरला, ऊन पडू लागलं, आणि दोरी वाळली की सैल पडते. म्हणून सकाळी भांडी झाली की मी तांब्याभर पाणी घेऊन जाते आणि चाक हळू फिरवत सगळीकडून ओतते. थोडा वेळ थांबून बोटाने दाबून बघते. आवळून बसलेली असते. गाठ सुटलेली नाही.