आईची कंबर आणि जीपच्या कमानी

जीप मी सरकारी लिलावात घेतली तेव्हाच तिच्या मागच्या कमानी बसलेल्या होत्या. कमान म्हणजे चाकावर एकावर एक रचलेले पोलादी पाटे. त्यांच्यावर गाडीचं सगळं अंग झुलतं. चांगल्या पाट्यांना छान बाक असतो. आमच्या पाट्यांचा बाक केव्हाच मोडला होता आणि ते शाळेतल्या पट्टीसारखे सपाट झाले होते. खड्डा आला की आधी चाक आपटे, मग आसन, मग माझ्या दाढा. मला मुळातच राग लवकर येतो, आणि आलापल्लीच्या चारही बाजूंचे खड्डे कोणीतरी माझ्यावर डूख धरून खणलेत अशी माझी तेव्हा खात्री होती.

माझं काम हातपंप दुरुस्त करण्याचं. ऐंशीच्या दशकात आमच्या भागात गावोगाव हातपंप नवेनवे बसले होते आणि नव्या उत्साहानं बिघडतही होते. जीपच्या मागच्या भागात लोखंडी पाइप, साखळ्या, भले मोठे पाने, आणि गावाहून परतताना रस्त्यात जो हात दाखवील तो माणूस. सोबत त्याची कोंबडी, त्याचं मोहाचं किंवा तांदळाचं गाठोडं, कधी त्याची सासू. आमच्याकडे चालती गाडी आणि रस्त्यात उभा माणूस यांच्यात ओळख लागत नाही. त्यामुळे आपली जीप रिकामी पळते तेव्हा कशी पळते हे मला ठाऊकच नव्हतं. ते ठाऊक असायला हवं असंही कधी वाटलं नाही.

कमानी बदलायच्या ठरल्या त्या आईमुळे. आईनं छप्पन साली चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, माझ्या बापासोबत, पायी जाऊन. त्यानंतर दरवर्षी ऑक्टोबरात ती दीक्षाभूमीवर जायचीच. पण उभं आयुष्य वाकून धानाची रोवणी करून करून तिची कंबर गेली. दोन वर्षांपूर्वी यष्टीनं निघाली तर आष्टीपर्यंतच जाऊ शकली. तिथं उतरून रस्त्याच्या कडेला बसली आणि ढसाढसा रडली. पुढच्या वर्षी गेलीच नाही. आणि यंदा पावसाळा संपता संपता तिनं एके दिवशी मला सांगितलं, "बाबू, अवंदा नाई गेली तं मंग मी नाईच जात. कंबर आता माह्यं आयकत नाई."

आई कधी काही मागायची नाही. तिनं एवढं बोलणं म्हणजे मोर्चा काढण्यासारखं होतं. मी त्या दिवशी ठरवलं, आईला चांद्याला न्यायचं, आणि असं न्यायचं की पोटातलं पाणी हलता कामा नये.

आता कमानी कोणत्या घ्यायच्या यावर आलापल्लीच्या चहाच्या टपरीवर रोज सभा भरू लागली. टपरीवर बसणाऱ्या माणसाला स्वतःची सायकल नसली तरी जीपबद्दल मत असतंच. कोणी म्हणे जुनेच पाटे भट्टीत तापवून, ठोकून पुन्हा बाक द्यायचा. कोणी म्हणे ट्रकचा एक जाड पाटा खाली घाल, हत्ती बसला तरी वाकायचा नाही. एका लाकडाच्या ट्रकच्या ड्रायव्हरनं तर कमानी काढून टाकून गाडीखाली सरळ टायरचे तुकडे ठोकायला सांगितलं. त्याच्याशी माझं भांडण होता होता राहिलं. बायको घरी म्हणायची, "तुमी मत ऐकाले जाता का भांडाले?" मी म्हणायचो, दोन्हीला.

शेवटी चांद्याला गेलो. तिथं बाजाराच्या मागच्या गल्लीत एक कमानीवाले चाचा होते. अंगानं पैलवान, आवाजानं त्याहून पैलवान. गाडीखाली एकदाच वाकून पाहिलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊ, ये कमान नहीं है, ये तो चटई है!" गल्ली हसली. मीही हसलो, कारण चाचांपुढे राग धरायला जागाच राहत नसे.

मी त्यांना अडचण सांगितली. रोज पाइपांचं ओझं असतं, म्हणून कमान कडक हवी. पण आईची कंबर दुखरी आहे, म्हणून कमान मऊ हवी. चाचांनी कपाळाला हात लावला. "एक गाडी के दो मालिक बनवले तुमी. पाइप को पूछूं का अम्मा को?" मग त्यांनी माल दाखवायला सुरुवात केली. एक जोडी हलकी होती, कमी पाट्यांची. हातानं दाबली तरी दबेल अशी वाटली. चाचा म्हणाले, यात अम्मा राणीसारखी जाईल, पण पाइप भरले की गाडी जमिनीला टेकेल. दुसरी जोडी जाडजूड, चांगल्या पाट्यांची, बाक असा की पाहून छाती फुगावी. तिच्यासोबत नागपूरहून आणवलेले जाड नळीचे शॉकप, म्हणजे गाडीची उसळी आवरणारे दांडे.

मी गल्लीत येरझाऱ्या घातल्या. हलकी जोडी उचलून पाहिली, ठेवली. पुन्हा उचलली. मन आईकडे ओढत होतं आणि पोट पाइपांकडे. चाचांनी चहा मागवला, तो गार झाला, दुसरा मागवला. शेवटी ते वैतागून म्हणाले, "जाड जोडी लावतो, तुमी बसून पाहा. नाई पसंत आली तं काढून देतो." हे मला पटलं.

जोडी लागली. मग चाचांनी तीच गोष्ट केली जी आमच्या मुलखातला कुठलाही मिस्त्री करेल. गल्लीच्या तोंडाशी जाऊन आरोळी दिली, "आओ रे, टेस्टिंग है!" चहाच्या दुकानातून, पानठेल्यावरून, शेजारच्या लोहाराकडून माणसं धावत आली. फुकटची जीपची फेरी कोण सोडतो? एक माणूस बोनेटच्या बाजूला लटकला, दोघं मागच्या फळीवर उभे राहिले, एकानं सोबत शेळी आणली. मी गाडी काढली आणि खड्डा शोधून मुद्दाम त्यात घातली. काय सांगू! गाडी अलगद खाली गेली, अलगद वर आली. शेळीसुद्धा हलली नाही. दुसरा खड्डा, तिसरा, नालीचं आडवं बांधकाम. सगळीकडे तीच मौज. मागची माणसं "वा भाऊ वा" करत होती आणि मला आयुष्यात पहिल्यांदा खड्ड्यांबद्दल प्रेम वाटलं.

नेहमीसारखी रस्त्यातली माणसं भरून आलापल्लीला परतलो. दुसऱ्या दिवशी पाइप भरून कामावर निघालो तेव्हा आईला बाजारापर्यंत सोबत घेतलं. ती आधी दोन्ही हातांनी दांडा धरून बसली. मग एक हात सोडला. बाजारात उतरताना म्हणाली, "झुल्यावानी वाट्टे रे बाबू." त्या दिवशी मी कोणाशीच भांडलो नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी जीपमधून सगळं काढलं. पाइप, साखळ्या, पाने, दोरखंड, सगळं परसात रचलं. जीप धुतली. मागच्या भागात गादी घातली, गादीवर घडी घातलेली वाकळ, पाठीला दोन उशा. शेजारच्या दोन-तीन घरांतून विचारणा झाली, आम्हीही येऊ का म्हणून. मी साफ नाही म्हणालो. दाटीवाटीत आईला धक्का लागेल, कोणाचं कोपर लागेल. फक्त मी, बायको आणि आई. शेजारीण रुसली. बायको म्हणाली, "एवढी गाडी खाली नेता? बरं नाई दिसत." मी म्हणालो, दिसायला नाही, न्यायला चाललोय.

पहाटे निघालो. आई पांढरं लुगडं नेसून, उशांना टेकून अशी बसली होती की मला भरून आलं. गाव सुटलं, पहिला खड्डा आला, आणि जीप उडाली.

उडाली म्हणजे खरंच उडाली. आई गादीवरून वर गेली आणि धपकन खाली आली. मला वाटलं माझंच चुकलं, वेग जास्त झाला. वेग कमी केला. पुढच्या खड्ड्यात पुन्हा तेच. त्या जाड कमानी रिकाम्या गाडीखाली दगडासारख्या ताठ उभ्या होत्या, दबायचं नावच घेत नव्हत्या. मी चाचांना मनातल्या मनात काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. मी रांगत चालवली, रस्त्याच्या कडेनं चालवली, तरी पावसानं खाल्लेल्या त्या रस्त्यावर धड जागा होती कुठं? आईनं ओठ घट्ट मिटले होते. आष्टी जवळ आली तेव्हा मी वळून पाहिलं, तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायकोनं तिचा हात धरला होता आणि माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

मी गाडी थांबवली. खाली वाकून सगळं तपासलं. नट घट्ट, पाटे जागच्या जागी, शॉकप ठीक. काहीच बिघडलं नव्हतं आणि सगळंच बिघडलं होतं. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. आईपाशी जाऊन म्हणालो, "आई, परत फिरू."

आईचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. समोर झाडाखाली पांढऱ्या कपड्यांतली माणसं उभी होती, बायका, म्हातारे, लेकरं, डोक्यावर भाकरीची गाठोडी. पहिली यष्टी भरून न थांबता गेली होती आणि दुसरीचा पत्ता नव्हता. आई म्हणाली, "यायले घे आधी."

"आई, तुले बसवत नाई अन् मी यायले घेऊ?"

"येवढी गाडी खाली घेऊन जाऊन राह्यलो आपण, अन् हे लोकं उभे हायेत. मी कोन्या तोंडानं उतरू तिथी?"

मी म्हणालो, कोणालाच घेणार नाही. आई शांतपणे उशा बाजूला करू लागली. "मंग मी बी उतरतो. यायच्यासंगं यष्टीनं येतो."

तिच्यापुढे माझा राग किती टिकणार? मी रागारागानं हात केला, आणि झाडाखालची अख्खी मंडळी आत आली. गादी गेली, वाकळ गेली, उशा कुणाच्या तरी मांडीवर गेल्या. बायको पुढे माझ्या शेजारी आली. आईच्या एका बाजूला एक जाडजूड आजीबाई, दुसऱ्या बाजूला लेकुरवाळी बाई. मागच्या फळीवर माणसं लटकली. जीप कुरकुरत खाली बसली. मी डोळे मिटल्यासारखं करून ती हाकली.

पुढचा खड्डा मोठा होता. गाडी अलगद खाली गेली आणि अलगद वर आली.

मी आरशात पाहिलं. आईनंही माझ्याकडे पाहिलं. मग मला एकदम सगळं समजलं आणि मी एकटाच मोठ्यानं हसत सुटलो. बायकोला वाटलं मला वेड लागलं. "अवो, काय झालं?" मी म्हणालो, "अजून कोणी उभे दिसले तं सांगजो!" गोंडपिपरीच्या अलीकडे आणखी तिघांना घेतलं. जीप तरंगत चालली. मागे बायकांनी गाणं धरलं, लेकरं टाळ्या वाजवू लागली, आणि मी, खड्ड्यांचा जन्माचा वैरी, स्टिअरिंगवर ताल धरून बसलो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हे बायकोला मी नंतर सांगितलं आणि ऐकूनही घेतलं.

बामणीच्या पुढे गाणं एकाएकी थांबलं. मी घाबरून विचारलं, काय झालं? लेकुरवाळी बाई कुजबुजली, "भाऊ, हळू. मायले झोप लागली." आई त्या जाड आजीबाईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. कंबरेच्या दुखण्यानं तिला घरी सलग झोप लागत नसे, ती इथं गाढ झोपली होती. मी हॉर्नवरचा हात काढला. रस्ताभर मग जीपमध्ये कोणी बोललं नाही.

चांदा आला. दीक्षाभूमीजवळ गर्दी होती, निळे झेंडे होते, ध्वनिक्षेपकावरून वंदना ऐकू येत होती. मी गाडी एका झाडाखाली उभी केली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता ही मंडळी उड्या टाकून पळतील. पहाटेपासून ती ह्याच जागेसाठी निघाली होती. कोणी हललं नाही. फळीवर लटकलेले तसेच लटकून राहिले. आजीबाईचा खांदा अवघडला होता हे दिसत होतं, पण तिनं तो हलवला नाही. एका लेकरानं तोंड उघडलं तर त्याच्या आईनं त्यावर हात ठेवला.

जरा वेळानं आईनं डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं. "गाडी काऊन थांबली बाबू? टायर फुटला का?"

"आलो आई. चांदा आला."

तिनं घाईघाईनं पदर सावरला आणि सगळ्या जीपवर खेकसली, "मंग बसून काय राह्यले? उतरा न!"