पहिल्या धारेची

ढोकीकडच्या एका दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. पुरुषांच्या लघवीवरून वीस मिनिटांत गुप्तरोग सांगणारी नवी पट्टी आली होती. ती खरं सांगते का, हे बघायचं काम आमच्याकडं होतं. प्रत्येकाची थोडी लघवी पट्टीवर, उरलेली मोठ्या लॅबला. मग दोन्ही निकाल जुळवायचे. नमुने शनिवारी गाडीनं जायचे, किस्से माझ्याकडंच साठायचे.

*

या तपासणीला लघवीची सुरुवातीचीच धार लागते. एका ट्रॅक्टर ड्रायव्हरला बाटली देत मी म्हणालो, "पहिल्या धारेची पाहिजे."

तो चपापला. "साहेब, सोडून वरीस झालं. कुणी सांगितलं तुमाला?"

तेव्हापासून मी तो शब्दच टाकला.

*

निम्मे लोक मित्रासाठी येतात. एक किराणा दुकानदार तासभर बाकावर बसला आणि शेवटी म्हणाला, "मित्राला लघवीला जळजळ होतीया."

"त्यांना घेऊन या."

तो दारापर्यंत गेला, परत फिरला. "आलाय."

*

आधी तासभर लघवी करायची नाही, असा नियम. एक रिटायर्ड गुरुजी सकाळपासून थांबून आले. मी संमतीचा फॉर्म वाचायला घेतला.

"सही कुठं करू तेवढं सांगा."

"गुरुजी, वाचल्याशिवाय नाही चालत."

त्यांनी उभ्या उभ्याच वाचला. सही करताना म्हणाले, "शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. आल्यावर दाखवतो."

*

बाळू ऊसतोड कामगार. पट्टीवर काही दिसलं नाही. मोठ्या लॅबचा निकाल यायचा होता, तरी मी घाईनं बोलून गेलो, "काही नाही, जावा." आठ दिवसांनी निकाल आला. लागण होती.

समुपदेशक कांबळेताईंना गाडीवर मागं बसवून मी त्याचा फड शोधत गेलो. बाळूला बाजूला घेऊन सांगितलं.

"तुमीच म्हणला हुता, काय न्हाय."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"बायकोलाही औषध घ्यावं लागेल," ताई म्हणाल्या.

तो कोयता बाजूला ठेवून बांधावर बसला. मग म्हणाला, "घिऊन येतो. पर तिला तुमीच सांगा."

दोन दिवसांनी दोघं आले. ताईंनी तिला खुर्ची दिली, हळूहळू सगळं सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. बाळू भिंतीकडं बघत होता.

"ह्यांच्यासाठी तुमी फडापतोर आलाव," ती ताईंना म्हणाली. "माझं ओटीपोट दोन वर्सं दुखतंय. मला कुणी इचारलं बी न्हाय."