कुंदाची लांब रोटी

कुंदाच्या सुनेचा, प्रणालीचा, सकाळी फोन आला. "मावशी, आई गेल्या... झोपेतच." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "त्या दुखण्यानं नाही ना?" प्रणाली म्हणाली, "नाही, हृदय बंद पडलं." मला रडू फुटलं आणि त्या रडण्यातही बरं वाटलं. इतकी वर्षं कॅन्सरला तिनं दाद दिली नाही ती नाहीच. आता महिना होत आला, पण मला तिचं आजारपण आठवत नाही. आठवतो तो भंडाऱ्याच्या खाद्यप्रदर्शनातला दिवस.

भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. सिहोऱ्याच्या शाळेत ती गणित शिकवायची आणि मी मराठी. तिचा आवाज असा की माझ्या वर्गातली मुलं कविता सोडून तिचे पाढे म्हणू लागत. गावात मात्र तिचं नाव होतं ते लांब रोटीसाठी. सैल कणीक आपटून आपटून मऊ करायची, गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत ताणायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायचा. लग्न असो की बारसं, बौद्धवाड्यातून कुंदाबाई आल्या की रोटीची काळजी मिटायची. मग छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वेणीसुद्धा प्रणाली घालून द्यायची. डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सांगितला होता. स्टाफरूमच्या भिंतीशी उभी राहून ती बोटं चढवायची आणि चिडून म्हणायची, "पाल करून टाकलं मले." रोटीचा विषय कोणी काढला तर उठून जायची. तो हात पुन्हा चालेल की नाही, हे बघायचीच तिला भीती वाटत होती. कुंदाला भीती वाटते, हेच मला सहन होत नव्हतं.

प्रदर्शनात तिच्या बचत गटाला स्टॉल मिळाला. प्रणाली रोटी टाकणार आणि कुंदा खुर्चीत बसून राहणार, असं घरात ठरलं. तिच्यावर लक्ष ठेवायला मला सोबत धाडलं. लक्ष कसलं... तिनंच मला मैदानभर फिरवलं. सिंगाड्याचा शिरा खाल्ला, चिन्नोरच्या भाताचा नुसता वास घेत उभ्या राहिलो. मोहफुलांच्या सरबतापाशी मी बिचकले तर म्हणते कशी, "पी वं, चढत नाही. आन् चढली तं मी हावो ना!" दोन पेले रिचवून आम्ही स्टॉलवर परतलो, तर तिथे प्रणालीचा जीव मेटाकुटीला आलेला. तिची रोटी हातावरच फाटत होती आणि समोरची गर्दी हसत होती. कुंदा थोडा वेळ खुर्चीत चुळबुळली, मग पदर खोचून उठली.

"आई, डॉक्टरांनी तो हात विस्तवापासून जपायला सांगितलं ना," प्रणाली घाबरली.

"डॉक्टरले रोटी येते का? सरक."

मी तिला अडवायला हवं होतं म्हणे. मी कणकेचं पातेलं पुढे सरकवलं. पहिली रोटी अर्धी मडक्यावर, अर्धी जाळात. कोणीतरी "अरेरे" म्हणालं. कुंदाचा चेहरा उतरला, ओठ घट्ट मिटले... आणि तिनं दुसरा गोळा उचलला. डावा, उजवा, डावा, उजवा. कणीक मनगटावरून कोपराकडे उतरत गेली, इतकी पातळ की पलीकडचा जाळ दिसावा. मग दोन्ही हात वर गेले आणि रोटी मडक्यावर अख्खी बसली, एक सुरकुती नाही. मी टाळ्या पिटल्या, वयाचं भान न ठेवता. त्यानंतर ती थांबलीच नाही. रोटीसोबतचा रस्सा संपला तरी लोक नुसती रोटी मागत होते.

संध्याकाळी परीक्षक बाई आल्या. एक तुकडा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "कोणी केली ही?"

कुंदानं हात वर केला. उजवा. सरळ, कानाला लागून. बाई कौतुक करून पुढच्या स्टॉलकडे गेल्या तरी हात तसाच.

"अवं, गेली ना ते बाई," मी म्हणाले. "घे ना हात खाली."

"राहू दे वं," कुंदा म्हणाली. "लय दिवसानं वरतं गेला."