पाटावरून घातलेली सायकल

शुगर निघाली आणि मी जाड टायरची सायकल घेतली. डॉक्टरांनी नुसतं चालायला सांगितलं होतं. पण पन्नाशीच्या मास्तरला चालण्यात काय मिरवता येणार? थंडीत नळदुर्गच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ असते, आणि गाडीवाटेच्या भुसभुशीत मातीत बारीक चाक रुततं, हे कारण मी घरात सांगितलं. खरं म्हणजे मला ती आवडली होती. "सर, ट्रॅक्टरचं चाक बसवलं व्हय?" असं पारावर कुणी विचारलं की मी लाजल्यासारखं करायचो आणि आतून फुलायचो.

रोज सकाळी कानटोपी घालून मी अणदूरच्या बाजूला गाडीवाटेनं जायचो. वाटेत दोन भावांचं रान होतं. विहीर सामाईक, पाण्याची पाळी एक दिवसाआड. दोघांचं जेमतेमच जमतं, हे मलाही माहीत होतं.

त्या दिवशी थोरल्याची पाळी होती. मोटर चालू करून तो म्हशीची धार काढायला घरी गेलेला. वाटेला आडवा मातीचा पाट तुडुंब वाहत होता. एरवी मी उतरून सायकल उचलून पलीकडं न्यायचो. त्या दिवशी म्हटलं, एवढी महागाची चाकं घेतली कशाला? सरळ घातली. पाटाची कड ढासळली आणि गव्हाकडं निघालेलं पाणी वाटेवर पसरलं. मला ते स्पष्ट दिसलं. चार ढेकळं टाकली असती तर भागलं असतं. पण पायात नवे पांढरे बूट होते. येईल कुणीतरी, म्हणून मी पुढं गेलो.

परत आलो तेव्हा लाईट गेली होती, विहीर उपसली गेली होती, गहू कोरडाच होता आणि थोरला चारचौघांत धाकट्यावर तुटून पडला होता. पाट तूच फोडलास, माझं पीक जाळायला निघालास, म्हणत होता. मला पाहून धाकट्याच्या जिवात जीव आला.

"सर, तुम्ही रोज हितनंच जाता. सांगा की, म्या सकाळी हितं व्हतो का?"

"जाताना मी आज डांबरी रस्त्यानं गेलो," मी म्हणालो.

सरांना कशाला मधे घेतोस, असं थोरला त्याच्यावरच खेकसला. मी निघालो. लाज तेव्हाच वाटत होती, तरी पायडल मारत राहिलो.

भावांनी बोलणं टाकलं. थोरल्यानं मोटरीच्या पेटीला कुलूप घातलं आणि धाकट्याचा हरभरा माना टाकू लागला. येताजाता ते सुकणारं पीक मला दिसायचं. पंधरा दिवसांनी मी धाकट्याच्या रानात गेलो, खाली बघत सगळं सांगितलं आणि म्हणालो, चला, थोरल्यासमोरही सांगतो.

"मला तवाच कळलं व्हतं, सर," तो खुरपं न थांबवता म्हणाला. "एवढं रुंद चाक गावात दुसऱ्या कुणाचं हाय? चिखलात उठलं व्हतं. पण तुम्ही न्हाय म्हणल्यावर चार माणसांत तुम्हाला खोटं कसं पाडायचं? म्या ते पायानं पुसलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तरी सांगू द्या, मी म्हणालो.

"आता नका सांगू. दादा म्हणंल, म्याच तुम्हाला पढवून आणलं."