पुसेलेत्सोचं फाटक

आमच्या पक्षीपालन केंद्राचं फाटक पुसेलेत्सोच्या ताब्यात होतं, आणि तिच्या तावडीतून भलेभले सुटत नसत. राखाडी पोपट बघायला लांबलांबून गिऱ्हाईक यायचं. प्रत्येकाला तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज दुसरीकडे कुठे पक्षी बघून आलात?" हो म्हटलं की उद्या या, तिथला रोग इथे नको. नाही म्हटलं तर बूट औषधाच्या परातीत बुडवा, हात धुवा, पिशवी आणि कोट खिळ्याला टांगा, आमचा पांढरा डगला चढवा. एकदा जोहान्सबर्गचा एक शेठ कोट काढेना, तर ती म्हणाली, "मग कोटालाच घेऊन घरी जा."

माझं नाव खाउता, मी तिथे पिंजरे धुतो. अकरा वर्षं मी तिच्या शिव्या खाल्ल्यात, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे. पिल्लांच्या उबदार खोलीत मात्र हीच बाई लोण्यासारखी मऊ व्हायची. पिचकारीने एकेकाला लापशी भरवायची. सगळी सारखीच दिसतात, म्हणून प्रत्येकाच्या नखाला रंगाचा ठिपका द्यायची. मालक ओम गेरिट, म्हणजे आमचे गेरिटकाका, म्हणायचे, "पिल्लं माझी कागदावर. खरी हिची."

गेल्या वर्षी जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, तिचा मामा आला. त्सेकिसोमामा. आई गेल्यावर यानेच तिला वाढवलेलं. अंगावर तिने पहिल्या पगारात घेऊन दिलेलं ब्लँकेट, हातात आंबिलीची किटली.

"भाचे, तुझी लेकरं दाखव की एकदा. मरायच्या आधी बघू दे."

"मरताय कशाला? आधी पाय बुडवा. आज कुठे पक्षी बघितलेत?"

"मी? कोंबडीसुद्धा नाही."

त्याने पाय बुडवले, हात धुतले, किटली बाहेर ठेवली. ब्लँकेट मात्र अंगावरच राहिलं. आमच्या बासोथो लोकांमध्ये म्हाताऱ्या माणसाला ब्लँकेट उतरव म्हणणं म्हणजे चारचौघांत त्याचा पाणउतारा करणं. शेठला झापणारी पुसेलेत्सो तिथे गप्प बसली. मीही बसलो. मीसुद्धा त्यांच्यातलाच, मोसोथोच आहे.

उबदार खोलीत मामा पिल्लांच्या पेटीजवळ वाकून उभा राहिला. ती लापशी गरम करायला वळली, तेवढाच काय तो वेळ.

चारच्या भरवणीला एका पिल्लाच्या नखावर ठिपका नव्हता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुसला गेला असेल," आणि लाल रंगाचा नवा ठिपका दिला. मी समोर होतो. त्या रंगाला साबणसुद्धा घालवत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण ठिपका पुसला नाही म्हटलं असतं तर पुढचं वाक्य मामाचं नाव घेऊनच सुरू झालं असतं.

दहाव्या दिवशी त्या पिल्लाच्या गळ्यातली लापशी खाली उतरेना. ते गेलं, मग शेजारचं, मग पेटीच्या पेटी. एकतीसपैकी चार उरली. मेलेली पिल्लं पुरताना तिने स्वतःच ओम गेरिटना ठिपक्याचं सांगितलं. ते रागावलेसुद्धा नाहीत. फक्त म्हणाले, "दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं, पुसेलेत्सो." आणि फाटकाची किल्ली तिच्याकडेच ठेवली. मला विचाराल तर ती शिक्षा जास्त जड होती.

मामाला तिने फोन केला तेव्हा तो रडला. एका दलालाने आपलं आजारी पिल्लू देऊन चांगलं बदलून आणायला सांगितलं होतं. बदल्यात घोडा कबूल केला होता. मामाचा जुना घोडा मेल्यापासून तो पायीच हिंडत होता. पिल्लू आजारी होतं हे माहीत होतं का, असं तिने तीनदा विचारलं. तो तीनदा रडला.

या जूनमध्ये तो परत फाटकाशी आला. बर्फ पडून गेलं होतं.

"भाचे, त्याने घोडा दिलाच नाही गं. मीही फसलो. तुझ्याइतकाच. झालं गेलं सोड, आत घे मला."

ती फाटकाबाहेर गेली. "ब्लँकेट काढा, मामा."

"थंडी आहे."

"काढा."

मी मान खाली घातली. मामाने ब्लँकेटची पिन सोडली. तिने ब्लँकेट झटकलं, प्रत्येक घडी उलगडून बघितली. आत काही नव्हतं. पण खालच्या काठाला, मांडी टेकते तिथे, तांबूस राठ केस चिकटले होते. तिने ते एकेक करून वेचले, तळहातावर धरले आणि त्याच्यापुढे केले. मामा केसांकडे बघेना, तिच्याकडेही बघेना. रस्त्याच्या वळणापलीकडे काहीतरी खिंकाळलं.

तिने ब्लँकेट त्याच्या खांद्यावर घातलं, स्वतःच्या हाताने पिन लावली, गळ्याशी वारा जाणार नाही अशी.

"नाव काय ठेवलंत त्याचं, मामा?" तिने विचारलं, आणि आत येऊन कुलूप लावलं.