पाळीवरची माती

फोन आला तेव्हा मी भिलाईत, रुआबांध्याच्या घरी मेथी निवडत होते. रसमड्याच्या पुढे, रेल्वे लाइनीला लागून असलेल्या एका खेड्याच्या सरपंचबाई बोलत होत्या. "आपके दादा-दादी की मिट्टी है हमारे मरघट में. तालाब चौड़ा हो रहा है, मशीन लग गई है. देखना हो तो आज ही आ जाइए."

बाबा शेजारच्या खुर्चीत बसले होते. ऐकायला कमी येतं त्यांना, पण हे बरोबर ऐकलं. उठले, आत जाऊन पांढरा सदरा घालून आले. मग तो काढला आणि पुन्हा घरचा बनियन घालून बसले.

"जायचं का?" मी विचारलं.

"मले कायले विचारतेस?" ते म्हणाले. पाच मिनिटांनी सदरा पुन्हा अंगात होता.

आजी-आजोबा नागपूरकडून आले तेव्हा भिलाईचा पोलाद कारखाना कोणाच्या स्वप्नातही नव्हता. आजोबा रेल्वेत गँगमन. रूळ तपासायचे, गिट्टी भरायची, सैल झालेले बोल्ट आवळायचे. त्या गावाजवळ एका खोलीचं क्वार्टर मिळालं आणि तिथलं पहिलं मराठी घर उभं राहिलं. आमचं घर महानुभावी. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि वर ओटा किंवा नावाचा दगड बांधत नाहीत. पुढे कारखाना झाला, बाबा कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर लागले, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. आजोबा वारले, तेव्हा आमच्याकडे राहायला चल म्हणून बाबांनी आजीला किती विनवलं होतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. ती आली नाही. आजोबांची नोकरी संपल्यावर रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं, तर गावात मातीची खोली बांधून राहिली, पण आली नाही.

ती गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबांची ड्यूटी चालू होती, निरोप दुसऱ्या दिवशी पोचला. बाबा सायकल मारत गेले, तोवर गावकऱ्यांनी तिला पुरलंही होतं. तिने सांगून ठेवलं होतं तसं, खाली मीठ अंथरून. बाबा गावाच्या वेशीवर ते ऐकून तसेच परत फिरले. त्यानंतर कधी गेले नाहीत. आईने हे मला सांगितलं, तेही बाबा घरात नसताना.

दुर्गचा पूल मागे पडला. पद्मनाभपूरच्या वळणावर बाबा म्हणाले, "गाडी थांबव." मी थांबवली. उतरले नाहीत. "चाल, चाल." रसमड्याच्या कारखान्यांपाशी पुन्हा थांबवायला लावली. "घरी चाल बेटा. आता काय पाहाचं राहिलं?" मीही चिडले होते. निवृत्त झाल्यापासून माझं कशातच लक्ष लागत नाही, एका जागी बसवत नाही. मी गाडी वळवली नाही.

तळं कोरडं पडलं होतं. पलीकडच्या काठावर जेसीबी माती उकरत होता. सरपंचबाईंनी हात करून एक उतार दाखवला. "इधर की पूरी जमीन जाएगी." उताराला थोडे उंचवटे, थोडं वाळलेलं गवत, एक बोरीचं झाड. त्यातलं आमचं कुठलं, हे मला ठाऊक नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी बाबांनाही ओळखता येईना. बाबा उन्हात एका उंचवट्यावरून दुसऱ्याकडे जात होते, काठी टेकून पाहत होते. त्यांचं वय शहाऐंशी. मी छत्री घेऊन मागे फिरत होते आणि ते छत्रीच्या बाहेर निघून जात होते.

मग एक म्हातारी आली. सत्तरीच्या पुढची असेल. सरपंचबाईंनी सांगितलं की आजीच्या शेवटच्या वर्षांत हीच तिच्याजवळ राहायची, पाणी भरायची, तिच्या हाताखाली शिवण शिकली. म्हातारीने बाबांना न्याहाळलं आणि बोरीच्या खालची जागा दाखवली.

"बबा इहाँ हे," ती छत्तीसगढीत म्हणाली. आजोबा इथे. मग हात वर, तळ्याच्या बांधाकडे, पाळीकडे. "दाई ओती हे, पार ऊपर." आजी तिकडे, पाळीवर.

बाबा थबकले. "माय वर कावून? बाबाजवळ जागा नव्हती?"

म्हातारीला मराठी थोडी समजत होती, आजीमुळेच. ती सहज म्हणाली, "दाई किहिस, मोला नोनी के तीर म सुताहू." आजीने सांगितलं होतं, मला पोरीजवळ निजवा.

"कोणती पोरगी?" बाबांनी विचारलं. मग माझ्याकडे वळून, जणू मीच काही लपवलं असावं, "कोणती पोरगी वं?"

ते म्हातारीने सांगितलं. आजीने तिला सांगितलेलं, तेवढंच. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांची मुलगी तापाने गेली, जेमतेम दोन वर्षांची. गावात ओळख नाही, भाषा येत नाही. पुरायचं कुठे? आजोबा तिला उचलून लाइनीच्या कडेने चालत होते, तेव्हा गावातल्या एका माणसाने त्यांना हाताला धरून पाळीवर आणलं आणि स्वतः खड्डा खणला. बाबा त्यानंतर पाच वर्षांनी जन्मले. त्यांना कोणी कधी सांगितलं नाही.

बाबा खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली.

"मी तिले म्हणलो होतो," ते म्हणाले, "नळ आहे, लाइट आहे, पंखा आहे. एवढं सगळं आहे अन् तू या चिखलात कावून राहून राहिली? ती काईच नाई बोलली. मी समजलो, सुनेसंगं पटत नाई. तुह्या आईले किती बोललो मी त्याच्यापायी." आई जाऊन नऊ वर्षं झाली आहेत.

जेसीबी आता काठ बदलून आमच्या बाजूला येत होता. पाळ तशीच राहणार होती, उतार जाणार होता. म्हणजे आजी आणि ती मुलगी राहणार, आजोबा जाणार. सरपंचबाई म्हणाल्या, दुपारपर्यंत मशीन थांबवते, त्याहून जास्त नाही.

मी विचारलं, "बाबा, काय करायचं?"

"कुदळ पाहाय कोणाजवळ आहे."

पहिला घाव त्यांनी स्वतः घातला. तो जेमतेम बोटभर रुतला. दुसराही. तिसऱ्याला मी कुदळ घेतली, मग गावातल्या दोघांनी. कमरेएवढं खणलं तरी काही मिळालं नाही. हाड नाही, कापड नाही. फक्त एका जागी मातीचा रंग वेगळा होता, काळसर आणि मऊ. बाबा आत वाकून बघत होते, मी त्यांचा सदरा मागून धरून ठेवला होता.

"हेच," ते म्हणाले.

आम्ही ती माती घमेल्यात भरली. पाळीवर चढताना बाबांनी घमेलं कोणाला धरू दिलं नाही. मग दम लागला, तेव्हा एक बाजू मला धरू दिली. म्हातारीने दाखवलेल्या जागेवर, आजी आणि तिच्या मुलीच्या मध्ये, ती ओतली. बाबांनी दंडवत घातला आणि उठताना माझा खांदा घट्ट धरला.

परतताना मी विचारलं, "आता बरं वाटतं?"

"नाई," ते म्हणाले. "राग येऊन राहिला. अन् कोणावर काढू ते समजत नाई."

माझ्या पुण्याच्या भावाला रात्रीच्या जेवणाआधी त्यांनीच फोन लावला आणि सांगून टाकलं, मी गेलो की मला त्या पाळीवर ठेवायचं. भाऊ हिंदी-मराठी मिसळून बराच वेळ समजावत राहिला, इतकं दूर कोण येणार, वगैरे. बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि अंगणात गेले. मी सरपंचबाईंना विचारलं. त्यांनी गावात विचारलं. म्हातारी सगळ्यांसमोर म्हणाली, त्यांची जागा आहे, विचारायचं काय? भाऊ अजून पूर्ण राजी नाही.

आता तळं भरलंय. दर रविवारी आम्ही जातो. मी चटई नेते, पण बाबा पाच मिनिटं बसत नाहीत. पाळीवर येरझाऱ्या घालतात, म्हातारी दिसली की गाठतात आणि दर वेळी तेच विचारतात, माय पोरीले काय नावानं हाक मारायची? म्हातारी दर वेळी विचार करते. तिने 'नोनी', म्हणजे पोरी, याखेरीज दुसरं काही ऐकलेलं नाही.